रकाना कोरा ठेवूं नये

कोरा रकाना दिसला की रायरांचा हात शिवशिवायचा. बँकेत पैसे भरायच्या चिठ्ठीवर 'शेरा' म्हणून एक जागा असते, ती कुणीच भरत नाही. रायर तीही भरत. 'काउंटरवर गर्दी होती' असं लिहून खाली सही करत. एकदा दवाखान्याच्या केसपेपरवर 'फक्त डॉक्टरांसाठी' अशी छापील चौकट होती, तीत त्यांनी आपल्या पोटाच्या तक्रारी सविस्तर मांडल्या आणि डॉक्टरांनी लिहायचं ते मागच्या पानावर लिहिलं. मी काही बोलायला गेले की ठरलेलं उत्तर यायचं, "रकाना कोरा ठेवूं नये." हे वाक्य मी चार वर्षं ऐकलं. पहिल्या महिन्यात त्याची गंमत वाटली होती.

मी साताऱ्याची. जन्मापासून हृदयात दोष असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका ट्रस्टने मला कुंभकोणमला पाठवलं. ट्रस्टच्या देणगीतून तिथे दोन कामं चालत. एक म्हणजे गरीब घरच्या मुलांच्या ऑपरेशनचा खर्च. दुसरं, एकाच घरात असे दोष पुन्हा पुन्हा का दिसतात याचा अभ्यास. त्या अभ्यासासाठी घरोघर जाऊन वंशावळीचा फॉर्म भरायचा असे. तीन पिढ्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, आणि शेजारी नाव, वय, आजार यांचे रकाने. अर्ध्या तासाचं काम आहे, असं मी ट्रस्टला लेखी कळवलं होतं. तेव्हा मला रायर माहीत नव्हते.

गावात एक मराठी बाई आली आहे हे कळल्यावर ते स्वतः होऊन ऑफिसात आले. तंजावरच्या दरबाराबरोबर आलेल्या घराण्यातले. तिथले तमिळ लोक अशा घरच्या पुरुषाला सरसकट रायर म्हणतात, म्हणून मीही रायरच म्हणत आले. जन्म-मृत्यूच्या नोंदणीत तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. "पगार नको, काम सांगा," म्हणाले. त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी देशावरून निघाली होती आणि वाटेत तमिळ सोबत घेऊन आली होती. "तुम्हांस कापी होणा का?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांना कॉफी हवी आहे असं समजून मी त्यांच्यासाठी मागवली. ते मला हवी का असं विचारत होते. माझं बोलणं त्यांना फार घाईचं वाटे. मराठी पार बिघडवून टाकलीत तुम्ही तिकडे, असं ते मला अधूनमधून सुनवत.

घाई हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. छत्री, पानाचा डबा आणि शाईचं पेन घेऊन ते गावबसने निघायचे. घरी गेल्यावर ओट्यावर बसून आधी विहिरीच्या पाण्याची चौकशी, मग म्हशीची, मग भिंतीवरच्या फोटोतल्या प्रत्येक माणसाची. मी शेजारी घड्याळ बघत घाम पुसायची. "रायर, बस सुटेल," म्हटलं की "दुसरी येतेच की" म्हणून पान जुळवायला घ्यायचे. अर्ध्या तासाच्या फॉर्मला दुपार जायची. तीन पिढ्या विचारल्या तर हे पाच लिहून आणत, वर समासात कुणाचं कुणाशी का पटत नाही तेही.

एक गोष्ट मात्र त्यांनी मनाजोगती केली. नव्या कार्यकर्त्यांना दाखवायला नमुन्याचा फॉर्म हवा होता, तो त्यांनी सुबक अक्षरात तयार करून दिला. कुणाचं घर आहे ते कळू नये म्हणून सगळ्या नावांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. "कुणाचा हो?" मी विचारलं. "आहे एक घर," म्हणाले. त्यात अगदी तळाला तिरकी रेघ मारलेला एक छोटा गोल होता, बारशाआधी गेलेली मुलगी. तिच्या नावाच्या रकान्यात काही नव्हतं, नियमाप्रमाणे कोरा. मी तो नमुना काचेखाली ठेवला आणि पुढे दोन वर्षं सगळ्यांना शिकवायला वापरला.

शिकवायची सगळ्यात जास्त गरज रायरांनाच होती, कारण त्यांचा खरा उद्योग माझ्या उशिरा लक्षात आला. बाळ नाव ठेवण्याआधीच गेलं असेल तर नावाचा रकाना मोकळा सोडायचा, असा नियम. रायर तिथे नाव लिहीत. आईला विचारत, काय ठेवणार होतीस? बाई पदर तोंडाला लावी, मग सांगे. रायर सावकाश लिहीत, तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवत आणि म्हणत, हे त्याचं. मी हे पाहिलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. नमुन्याचा फॉर्म त्यांच्यासमोर धरून तळाच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, बघा, असा ठेवायचा. तुम्हीच भरलाय ना हा? त्यांनी चष्मा पुसला. "तीस वर्षं त्या जागीं मी आडवी रेघ ओढिली, अम्मा," एवढंच म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तिरुक्करुगावूरहून आणखी दोन नावं घेऊन आले.

व्हायचं तेच झालं. ट्रस्टचे तपासनीस आले. सभ्य, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी आमचे फॉर्म नोंदणीच्या उताऱ्यांशी ताडून पाहिले आणि अकरा फॉर्म बाजूला काढले. सरकारदरबारी ज्या बाळांना नावच नाही, त्यांची नावं तुमच्याकडे कुठून आली, असं त्यांनी विचारलं. नावं घरी बसून लिहिली असतील तर बाकीचं खरं कशावरून? त्यांचं काही चुकत नव्हतं. चुकीची नावं खोडून, घरच्यांची पुन्हा सही घेऊन फॉर्म येईपर्यंत ट्रस्टने सगळा निधी थांबवला. अभ्यासाचाही आणि ऑपरेशनचाही.

आणि बारा दिवसांवर काव्याचं ऑपरेशन होतं. काव्या आडुतुरैची, अडीच वर्षांची. चार पावलं चालली की उकिडवी बसायची आणि ओठ जांभळे पडायचे. चेन्नईच्या डॉक्टरांनी ही तारीख चुकवू नका म्हणून बजावलं होतं. तिचे वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरी करत, ट्रस्टशिवाय दुसरा आधार नव्हता. त्या अकरा फॉर्मांतला एक नेमका तिच्याच घरचा होता. तिच्या आधी झालेला भाऊ तीन महिन्यांचा होऊन गेला होता, आजारपणात बारसं लांबत जाऊन नावाशिवायच, आणि नावाच्या रकान्यात रायरांच्या निळ्या शाईत ठसठशीत लिहिलं होतं: कदिर.

त्या दिवशी मी रायरांना काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. लोक ऐकत होते, त्यांचं वय मला दिसत होतं, तरी थांबले नाही. शेवटी म्हणाले, "मेलेल्या पोरांची बारशी करता करता तुम्ही एक जिवंत पोर घालवणार आहात, रायर. उद्यापासून येऊ नका." त्यांनी पेनाला टोपण लावलं. दाराशी जाऊन छत्री घेतली आणि मागे न बघता म्हणाले, "सेल्वीस विचारून मग खोडा." सेल्वी म्हणजे काव्याची आई.

दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन मी एकटी आडुतुरैला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्या ओट्यावर वेळेवर पोचले होते. काव्या उंबऱ्याशी उकिडवी बसून धापा टाकत होती. सेल्वीला मी सगळं नीट समजावलं: इथलं नाव खोडायचं, शेजारी तिने अंगठा द्यायचा, की पैसे सुटतील. तिला अक्षरओळख नाही. पण तिने फॉर्म हातात घेतला आणि बोट बरोबर त्या रकान्यावर ठेवलं. "इथे कदिर आहे ना?" तिने तमिळमध्ये विचारलं. मी हो म्हटलं. तिने ते बोट अक्षरांवरून एकदा फिरवलं. मग काव्याला कडेवर घेऊन उठली आणि म्हणाली, "पोरीसाठी खोडायचं तर खोडा, अम्मा. फक्त मी आत गेल्यावर खोडा." आणि आत गेली.

मी ओट्यावर बसून राहिले. पेन उघडं होतं. एक रेघ मारायची होती, तीही कागदावर. रायरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, कारण त्यांच्यामुळेच ती रेघ मला अवघड झाली होती. आतून काव्याच्या श्वासाचा आवाज येत होता. सेल्वी बाहेर आली तेव्हा फॉर्म तसाच होता. मी दुसरा काही मार्ग बघते म्हणाले, आणि तो कुठला ते मला अजिबात माहीत नव्हतं. 

परतीच्या बसमध्ये डोकं जरा थाऱ्यावर आल्यावर एक गोष्ट आठवली. रायरांच्या आधी आमची दुसरी कार्यकर्ती या घरी जाऊन आली होती. तिने लिहून आणलं होतं, मुलं एक. सेल्वीने कदिरचं नावच काढलं नव्हतं. तिचं लग्न तिकडच्या रिवाजाप्रमाणे सख्ख्या मामाशी झालेलं, हेही सांगितलं नव्हतं. रायरांनी नाव विचारलं आणि मग तिने सगळं सांगितलं: दूध पिताना बाळाला घाम फुटायचा, रडलं की निळं पडायचं. अकराही घरांत हेच झालं होतं. जी माहिती आम्हाला हवी होती ती त्या नावामागून आली होती, आणि मी ते नाव पुसायला निघाले होते.

मी ट्रस्टला चार पानी पत्र लिहिलं. खरं ते सगळं कळवलं, पहिले अर्धवट फॉर्म जोडले, आणि सुचवलं की नावाचा मूळ रकाना नियमाप्रमाणे कोरा राहू दे, पण शेजारी एक नवा रकाना असावा: आईने सांगितलेलं नाव. पाच दिवस मी जेवले की नाही आठवत नाही. सहाव्या दिवशी होकार आला आणि पैसे सुटले. काव्या ठरल्या तारखेला चेन्नईला गेली. तिचे ओठ गुलाबी आहेत हे सेल्वीने मला फोनवर तीनदा सांगितलं.

नवा फॉर्म घेऊन मी महामहम तलावाच्या मागे रायरांच्या घरी गेले. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून नेली होती. त्यांनी बोलूच दिलं नाही. पितळेच्या पेल्यात कॉफी ओतली, बायकोच्या फोटोवरची मोगऱ्याची माळ सारखी केली आणि चष्मा लावून फॉर्म वाचायला घेतला. माझी पाच रात्रींची झोप उडवून मिळवलेल्या त्या रकान्यावर त्यांनी पेनाची लांबी धरून पाहिली. "अरुंद झाला," म्हणाले. "तमिळ नांवें लांब असतात."  पुढच्या सोमवारी ते कामावर आले, नेहमीसारखे उशिरा.

यंदा ते गेले. आजारपण दोनच दिवसांचं होतं. चेन्नईहून त्यांचा भाचा आला होता, त्याचा मला फोन आला. मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरत होता. मामाच्या आईचं नाव विचारलंय, आम्ही तिला आजीच म्हणायचो, खिडकीवरचे म्हणताहेत कोरं ठेवलं तरी चालेल, असं म्हणाला. "ठेवू नका," मी म्हटलं, "दहा मिनिटं थांबा." रायरांची एक कापडी पिशवी ऑफिसच्या कपाटात होती. तीत एक जुना फॉर्म सापडला, पाच पिढ्यांचा, सुबक अक्षरातला. काचेखालच्या नमुन्याचा हा मूळ कागद होता. यावर पट्ट्या नव्हत्या. रायरांच्या आईचं नाव तुळजाबाई. मी ते भाच्याला कळवलं आणि फोन ठेवला.

मग नजर खाली गेली. रायरांचा चौकोन, बायकोचा गोल, आणि त्याखाली तिरकी रेघ मारलेला तो छोटा गोल. मुलगी, नऊ दिवस, ओठ निळे. नावाचा रकाना कोरा. याच रकान्यावर बोट ठेवून मी त्यांना सुनावलं होतं, बघा, असा ठेवायचा. त्या कागदाच्या कडेला पट्टीने रेघा मारून त्यांनी नवा रकाना स्वतः आखला होता, छापील फॉर्मातल्यापेक्षा रुंद. वर लिहिलं होतं, आईने सांगितलेलं नाव. खाली, त्याच निळ्या शाईत, दोन शब्द होते: "विचारलें नाही."

पट्टीश्वरमपासून आडुतुरैपर्यंत बस जाईल त्या प्रत्येक घरी जाऊन या माणसाने बायांना विचारलं होतं. मला इतका राग आला की रडूच फुटलं. रिकाम्या ऑफिसात मी मोठ्याने म्हणाले, विचारायचं होतं हो रायर, घरातच तर होती.