कोरफडीत गूळ

काही घरांत रिकाम्या बाटल्या साठतात, काहींत जुनी वर्तमानपत्रं. आमच्या शहापूरच्या घरी कोरफडीच्या गोष्टी साठल्या आहेत. एक सांगायला घ्यावी तर दुसरी मागून पदर ओढते. जवळजवळ प्रत्येकीत मी कुठे ना कुठे किंचाळते, तेवढं आधीच सांगून ठेवते.

*

लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ट्रंकेत कॉलेजची पुस्तकं होती आणि मनात सदैव कसली ना कसली भीती. पहिल्याच संध्याकाळी उंबरा ओलांडताना कुणीतरी गार बोटांनी माझ्या डोक्याला हात लावला. मी अशी ओरडले की शेजारची माणसं कंदील घेऊन धावत आली.

वर पाहिलं, तर चौकटीला कोरफड उलटी टांगलेली. ना माती, ना पाणी, तरी मजेत हिरवीगार.

"दृष्ट लागू नये म्हणून बांधलीय गो," सासूबाई म्हणाल्या. "आज त्या बिचारीचीच दृष्ट काढावी लागंल."

*

पुढच्या उन्हाळ्यात घरात एकच विषय होता. माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे माईंना, ठाण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी जागा मिळाली होती. जूनमध्ये जायचं होतं. पण त्यांचा बंडू दोन वर्षांचा होत आला तरी अंगावर पीत होता.

"पोर सुटलं तं खुशाल जा, आमी सांभाळू," सासूबाईंनी सांगून टाकलं. "नाय सुटलं तं नाय."

माईंचं हसणं बंद झालं. मला काळजी करायला एरवी कारण लागत नाही; इथे तर चांगलं सणसणीत कारण होतं. मी ठरवलं, बंडूला दुसऱ्या कशाची तरी गोडी लावायची. कोरफडीचा गर थंड असतो असं ऐकलं होतं. आंबे घरचे होते. महायुद्धामुळे बाजारात साखर दिसत नव्हती, पण गूळ होता.

पात सोलली, गर आंब्याच्या रसात टाकला आणि रवीने घुसळला. पातीतला पिवळा चीक आधी गळू द्यायचा असतो, हे मला कुठे ठाऊक! नशीब, बंडूच्या आधी त्याच्या वडिलांनी, थोरल्या भावोजींनी, चव घेतली. माझा मान राखायला पेला संपवलासुद्धा.

"औषध म्हणून छान आहे," ते शांतपणे म्हणाले. "आता आजार कोणता ते सांग."

संध्याकाळी लोटा घेऊन त्यांच्या परसाकडे फेऱ्या सुरू झाल्या.

"आजार सापडला," जाता जाता सांगून गेले.

*

मग माईंनी शिकवलं. पात कापून उभी ठेवायची, चीक गळाला की सोलायची, गर दोनदा धुवायचा. मी धुवायला घेतला आणि काहीतरी गार, बुळबुळीत माझ्या पावलावर पडलं. मी टुणकन पाटावर.

"बेडूक! माई, बेडूक!"

माईंनी वाकून तो गराचा तुकडा नीट पाहिला. "त्यालाच विचार, गूळ किती घालू."

कितीतरी दिवसांनी त्या हसल्या.

*

अक्षय्य तृतीयेच्या हळदीकुंकवाला मी पन्ह्याऐवजी तेच सरबत दिलं. आंब्याचा रस, कोरफड, गूळ, वेलची, माठातलं पाणी. सापगावच्या ठमाकाकूंनी घोट घेतला. "काय गो घातलंय यात?"

"कोरफड."

सगळे पेले एकदम खाली आले.

"अगो, हिचा कडू चीक छातीला फासून आमी पोरांचं अंगावरचं तोडलं," ठमाकाकू म्हणाल्या. "आन तू आमालाच पाजतेस?" मग उरलेलं पिऊन टाकलं. "सुळसुळीत हाय. गिळावं लागतच नाय, आपलं आपण जातंय."

माईंनी माझ्याकडे पाहिलं.

*

बंडूला सरबत फारच आवडलं. रोज दुपारी माझ्यासमोर फतकल मारून बसायचा. मी चमचाभर चाखून "कडू!" म्हणत तोंड वाकडं करायचे, की तो धावत जाऊन डब्यातून गुळाचा खडा आणून आत टाकायचा. ते काम त्याचंच. पेला संपला, ढेकर दिला, की पुन्हा आईच्या मांडीवर.

*

जून तोंडावर आला तसा माईंनी शेवटी छातीला चीक लावला. माजघरात सासूबाई, ठमाकाकू आणि मी भिंतीला टेकून उभ्या. ओटीवर भावोजी वर्तमानपत्र उलटं धरून बसलेले.

बंडू आला, मांडीवर चढला, तोंड लावलं. थांबला. तोंड वाकडं केलं.

मी डोळे मिटून घेतले. त्याचं रडणं मला ऐकवलं नसतं. पण रडणं आलंच नाही. डोळे उघडले, तर तो उतरून स्वयंपाकघराकडे निघालेला.

"सुटलं गो," सासूबाई कुजबुजल्या. माईंनी डोळ्यांना पदर लावला.

आत डब्याचं झाकण खणकन पडलं. मी दचकले. बंडू परत आला, आईसमोर उभा राहिला आणि मूठ उघडून म्हणाला,

"आई, कडू. गूळ घाल."