आमच्या बोलीत सांगितलं

"सिस्टर, ही तुमच्यातलीच ना? मग सांगा तिला तुमच्या भाषेत. पोर मरायला टेकलं की मग दवाखाना आठवतो तुम्हा लोकांना."

डॉक्टर हे सगळ्यांसमोर बोलले. इमर्जन्सी वॉर्डात, भर सकाळी. खाटेवर आठ महिन्यांची मुलगी होती. न्यूमोनिया. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ओठ निळे पडलेले. तिची आई उंबरमाळीच्या वर डोंगरातल्या आदिवासी वाडीतली. वॉर्डबॉय हसला. शिकाऊ डॉक्टर पोरगीही हसली.

मीही त्याच डोंगरातली. नर्सिंग केलं, शहापूरजवळच्या या दवाखान्यात लागले. वॉर्डात घरची बोली कधी तोंडातून निघू दिली नाही. 'नाय' म्हणायचं नाही, 'नाही' म्हणायचं. तरी मी कुठली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मी सांगितलं. डॉक्टर बोलले ते सगळं, आमच्या बोलीत. काही गाळलं नाही.

ती आल्यापासून माझ्याकडेच बघत होती. आपलं माणूस दिसलं म्हणून. माझ्या तोंडून ते ऐकलं आणि तिनं मान खाली घातली.

मग मुलीचा श्वास थांबला. मी पिशवीनं श्वास देत होते, डॉक्टर छाती दाबत होते. त्यांनी जीव तोडून केलं, ते मी नाकारणार नाही. घामानं निथळले. पण मुलगी गेली.

मी तिला स्वच्छ करून फडक्यात गुंडाळलं, आईच्या मांडीवर दिलं. तेव्हा कुठे विचारलं, कधीपासून आजारी होती. हे आधी विचारायला हवं होतं.

ती म्हणाली, "कालच खाली गावात डाक्टरला दाखवली गो. सर्दी हाय बोलला. बाटली दिली. रातभर मांडीवर घेऊन बसले. उजाडल्यावर पयली गाडी भेटली तशी आले."

बाहेर मुलीचा बाप आणि आजा उभे होते. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "आईनं उशीर केला म्हणून गेली, असं सांगा त्यांना. तुमच्या भाषेत सांगा, म्हणजे डोक्यात शिरेल."

"नाय सांगणार," मी म्हटलं.

'नाय'च निघालं. मी ते दुरुस्त केलं नाही. ती कालच दाखवून आली होती, हे सांगितलं. म्हटलं, "तुमचं वाक्य तुमी सांगा, सर."

त्यांनी मेट्रनकडे तक्रार करायची धमकी दिली. करा म्हटलं.

मुलीच्या आईला घेऊन बाहेर गेले आणि बापाला सांगितलं, हिची काही चूक नाही. तो तिथेच खाली बसला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तिनं खांदा काढून घेतला. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

बरोबर केलं तिनं. लेक जिवंत असताना तिच्या कानावर आपल्या बोलीतलं शेवटचं जे पडलं, ते मी बोलले होते. दुसऱ्याचं होतं, पण जीभ माझी होती. हे मला फेडता येणार नाही. माफी मागायला त्या वाडीवर जायचं धाडसही अजून झालेलं नाही.

मी त्याच वॉर्डात आहे. आजार सांगेन, औषध सांगेन, पोर गेल्याचंही सांगेन. आमच्याच बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पण कोणाचाही अपमान माझ्या तोंडून पुढे जाणार नाही. ज्याला करायचाय त्यानं स्वतःच्या तोंडानं करावा. आणि माझ्याकडून त्याचं उत्तर ऐकूनच वॉर्डाबाहेर जावं.