दोन पिकअप आणि एक जावई

माझ्या सासुरवाडीत माझा शब्द कोणी मोडत नाही. त्यामुळेच गेल्या वर्षी दोन पिकअप समुद्रात जाता जाता वाचल्या.

सासुरवाडी भुईगावची, वाडी फुलांची. मेहुण्याला, म्हणजे प्रशांतला, वसईच्या एका लग्नाच्या हॉलची पहिलीच मोठी ऑर्डर मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं पोचली नाहीत, तर ऑर्डरही जाणार आणि नावही जाणार. घरात गाडी नव्हती. वापरलेलीच घ्यायची हे ठरलं होतं, पण कुठली? गल्लीतल्या सायमनकाकांची म्हातारी पिकअप विकायची होती, आणि आमच्या चंदनसारला एका डीलरकडे दोन-तीन वर्षंच वापरलेली, चकाचक पिकअप होती. जास्त भरवशाची कुठली, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. का? तर मी मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो. (स्वतःची गाडी नाही. पण व्हिडिओ एकही सोडलेला नाही!)

डीलरनं चालवून बघायला गाडी दिली, एका अटीवर. "कुठं लागली, ठोकली, तर ती तुमची." मी हसून हो म्हटलं आणि ती भुईगावात आणून सायमनकाकांच्या गाडीशेजारी उभी केली. आख्खी गल्ली गोळा झाली.

इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं नाही ना, हे बॉनेटला हात लावून बघायचं असतं. मी सायमनकाकांच्या गाडीच्या बॉनेटवर डोळे मिटून हात ठेवला.

"काय जावयबापू, ताप बघता काय तिचा?" सायमनकाकांनी विचारलं.

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. दार मात्र आतून उघडेना! "खिडकीतून हात बाहेर काढायचा नि बाहेरनं उघडायचं," काका अभिमानानं म्हणाले. डीलरच्या नवीन गाडीत स्क्रीन, मागचं दाखवणारा कॅमेरा, आणि उठसूट वाजणारं टींटीं. सासरे, म्हणजे नाना, ते ऐकून दचकले.

"काय बोलते ती?"

"नाना, काय बिघडलंय ते गाडी स्वतःच सांगते."

"सांगंल वो. पन ऐकून आपन करायचं काय?"

मी गालात हसलो आणि जाहीर केलं, "खरी परीक्षा भरलेल्या गाडीची! दोन्हीत खताची पोती भरा. आपण समुद्रावर, वाळूत चालवून बघू."

प्रशांत खोकला. नानांनी आभाळाकडे पाहिलं. सायमनकाकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी डोळे वटारले. "जावयबापू म्हनतात ना? भरा पोती!"

किनाऱ्यावर मी नवीन गाडी झोकात वाळूत घातली आणि ती झोकातच खाली बसली. ॲक्सिलरेटर दाबला, आणखी बसली. टींटीं सुरू! कॅमेऱ्यात सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की माझं बुडणं मी थेट प्रक्षेपणात पाहत होतो.

"प्रशांत, भरती कधी आहे रे?"

"चालू झाली की, भावोजी."

"काय? मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला कसं सांगायचं? जावई तुम्ही!"

"आणि वाळू?"

"इथली वाळू लई मऊ," नाना नम्रपणे म्हणाले. "गाडी कोनच घालत नाय."

"कोनच नाय," साऱ्या गल्लीनं आदरानं दुजोरा दिला.

पाणी चाकापासून हातभरावर आलं. डीलरची अट आठवून मी खिशातलं पाकीट चाचपलं. प्रशांत तर रडवेला झाला होता. ही बुडाली की गाडीसाठी ठेवलेले पैसेही गेले, ऑर्डरही गेली. तेवढ्यात सायमनकाकांनी आपली म्हातारी सुरूच्या झाडांखालच्या टणक जमिनीवर उभी केली आणि होडीचा दोर टाकला. गल्ली मागून ढकलायला लागली. म्हातारीनं काळा धूर सोडला, गुरगुरली, आणि पोत्यांसकट नवीन गाडी बाहेर ओढली! टाळ्या! शिट्ट्या!

इथं एखादा शहाणा माणूस घरी गेला असता.

"पण तुलना अर्धीच झाली," मी म्हणालो. "म्हातारी कुठे उतरली वाळूत?"

माझ्या बायकोनं, सुजातानं, कपाळावर हात मारला. (ती एकटीच मला नाही म्हणू शकते, पण माहेरी तिचं कोण ऐकतं!) सायमनकाकांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. एका घराचा जावई म्हणजे आख्ख्या गावाचा जावई.

म्हातारीही रुतली. लाट आली आणि चाक भिजवून गेली. मला उतरायचं होतं, पण घाबरल्यावर दाराची युक्ती कुठली आठवायला! शेवटी मी खिडकीतून पडलो, प्रशांतनं नवीन गाडी टणक जमिनीवर नेली, पुन्हा तोच दोर, तीच गल्ली, आणि म्हातारी बाहेर! दोन्ही गाड्यांना ओरखडासुद्धा नाही. मी गुडघ्यापर्यंत ओला, पण छाती फुगलेली.

"बघा! दोन्ही भरवशाच्या!"

"मग घ्यायची कुठली?" प्रशांतनं विचारलं.

उत्तर नानांनी दिलं. "सायमनची. नवीन अडली तर टींटीं करंल. ही अडली तर सायमन धावत येईल."

सायमनकाकांनी डोळे पुसले. मीही पुसले, माझ्या डोळ्यांत वाळू गेली होती, पण तेवढंच कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी मोगऱ्या-झेंडूनं भरून वेळेवर हॉलच्या दारात उभी राहिली. मी मागे झेंडूच्या टोपल्यांत बसून वरातीतल्या नवरदेवासारखा हात हलवत होतो. तेव्हापासून हॉलची सगळी फुलं प्रशांतचीच जातात, आणि गाडीच्या मागे त्यानं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय, 'जावयाची कृपा'.

माझा मानही तसाच आहे. मी गेलो आणि "जरा एक चक्कर मारून येतो" म्हटलं, की कोणी नाही म्हणत नाही. फक्त किल्ली सापडत नाही. मग सगळं घर माझ्यासोबत ती मनापासून शोधतं. परवा सासूबाई तर पलंगाखाली वाकून शोधत होत्या, आणि किल्ली त्यांच्या कमरेला खुळखुळत होती.