कधीच न भरणारी टाकी

आळीच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो, हे मी वर्षभर ओरडून सांगितलं. एकानेही विश्वास ठेवला नाही. गास गावातल्या आमच्या आळीत संडासाच्या टाक्यांचे किस्से इतके साठलेत, की टाक्यांआधी तेच उपसायला हवेत.

शेजारच्या शेवंतावयनीला सांगितलं, तर ती माझ्यासमोर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. म्हणाली, "पानी गोड आहे. तुझं नाक बघून घे."

आमचे हे नुसते हसले. हे गवंडी. आळीतल्या सगळ्या टाक्या यांच्याच हातच्या. "माझी टाकी आजवर भरली नाही," हे ठरलेलं वाक्य.

*

एकदा मैला उपसणारा टँकर गिऱ्हाईक शोधत आळीत शिरला. घरोघर एकच उत्तर, आमची कधी भरत नाही. गाडी वळवताना ड्रायव्हर मला म्हणाला, "मावशी, इथली माणसं जेवतात ना?"

आळी हसली. मला हसू आलं नाही. एवढी घरं जेवतात, मग ते जातं कुठे?

*

पुढे सरकारी योजना आली. गळकी टाकी तोडा, नवी बांधा, अनुदान घ्या. इंजिनीअर बाई घरोघर फिरली. एरवी अनुदान म्हटलं की धडधाकट भिंतही पडायला आलेली दाखवणारी आमची आळी, त्या दिवशी एकूण एक टाकी ठणठणीत! आमचे हे बाईच्या मागेच उभे. यांच्या तोंडावर कोण बोलणार?

मी बोलले. आमची गळते, लिहून घ्या. बाईने नवऱ्याचं नाव विचारलं. हे थोडेच सांगणार! लग्नापासून ते मी तोंडातून काढलेलं नाही. वयनीला म्हटलं, तू सांग. ती घरात निघून गेली. अर्ज कोराच राहिला.

*

पावसाळ्यात वयनीच्या नातीला कावीळ झाली. पोर आयसीयूत. वयनी माझ्या ओट्यावर येऊन बसली. तांब्याचा विषय मी काढला नाही. तीच म्हणाली, "त्या बाईला बोलव."

*

बाईने सगळ्यांच्या संडासात हिरवा रंग ओतला. दोन दिवसांत विहीर हिरवी. मग आमचीच टाकी फोडली. चारी बाजूंनी पक्की भिंत आणि खाली नुसती माती. तळच नाही.

"सगळ्यांना अनुदान मिळेल," बाई म्हणाली. "पण या बांधल्या कोणी?"

हे पलीकडच्या आळीत नव्या टाकीच्या कामावर गेलेले. तिथली विहीर अजून चांगली आहे.

वयनी माझ्याकडे बघत होती. मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भालचंद्र."