इले गमून नाई राह्यलं

पानाभाऊ गाडीचं दुखणं कानाने शोधायचे. चालू इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मुठीला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताचा पंजा वर करायचा. पंजा वर गेला की सगळ्यांनी तोंडं बंद ठेवायची, मोठे साहेब असले तरी. मग निकाल यायचा, "इले गमून नाई राह्यलं."

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी सांगलीकडचा, माझ्या जोडीचा ओव्हरसियर सावंत मालवणचा. गडचिरोलीच्या जंगलात तलावाच्या मोजणीसाठी आमची रवानगी झाली, तेव्हा दोघांचेही चेहरे शिक्षा झाल्यासारखे होते. जीपचे ड्रायव्हर म्हणून पानाभाऊ त्याच आठवड्यात आरमोरीहून बदलून आले. लोक खिशाला पेन लावतात, हे बारा-तेराचा पाना लावायचे, म्हणून हे नाव. 'गमत नाही' म्हणजे करमत नाही, हे आम्हाला लगेच कळलं. जीपला करमत नाही म्हणजे काय, हे कळायला मात्र महिना गेला. कार्बोरेटरमध्ये कचरा असो, प्लग काळा पडलेला असो, भाऊंच्या लेखी तिला गमत नसे. "बिघडली म्हनू नोका साहेब," ते बजावायचे, "तिले राग येते."

रविवारी ते आम्हाला कामाला जुंपायचे. "मी नसलो त काय पायी फिरसान?" सावंत पॉलिश पेपरने प्लग घासायचा, मी पॉइंट साफ करायचो. आयुष्यात सायकलचं पंक्चरही न काढलेला मी कोपरापर्यंत काळा होऊन बसायचो आणि मला ते आवडायला लागलं होतं. दुपारी भाऊंच्या हातची वास्त्याची भाजी, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. कोकणातही ते खातात म्हणे. पहिल्याच घासाला सावंत आईच्या आठवणीने रडायच्या बेतात आला. चंद्रपूरला फेरी झाली की बिअर यायची. बर्फ कुठला! भाऊ बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून जीपच्या पुढे बांधायचे आणि वाऱ्यावर गार करत आणायचे. स्वतः मात्र कुनैन घेतल्यासारखा चेहरा करून अर्धा ग्लास प्यायचे. "हे त बिमाराचं औषध होय," असं म्हणून आणखी अर्धा मागायचे.

सावंतच्या दुबईतल्या भावाने तळहाताएवढा बटणांचा खेळ पाठवला होता. पडद्यावर वरून फळं पडायची, ती खाली टोपलीत झेलायची. भाऊंना त्याचं वेडच लागलं. "आना, मोहा वेचतो," म्हणत ते बसायचे आणि आम्हा दोघांना हरवायचे. त्यातले इवलेसे सेल संपले. तसले सेल चंद्रपुरातही मिळेनात. भाऊंनी बॅटरीचे दोन सेल तारेने जोडून खेळ पुन्हा चालू केला, तेव्हा सावंतने त्यांना मिठीच मारली.

दुसऱ्या वर्षी श्रावणात भाऊ एका सकाळी जीपच्या पायरीवर बसून म्हणाले, "साहेब, मले गमून नाई राह्यलं."

घरची माणसं आरमोरीला, इथे आठ दिवस पावसाची झड. आम्हाला वाटलं, करमत नसणारच. सावंतने जपून ठेवलेली बिअर उघडली. मी त्यांच्या हातात खेळ दिला. भाऊंच्या टोपलीतून फळ सुटत नसे, त्या दिवशी सगळी खाली पडली. "भाऊ, मोहा जमिनीवर!" म्हणून आम्ही हसलो. भाऊही हसले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेच म्हणाले. आम्ही वास्त्याची भाजी केली, त्यांनी ती चिवडली. तिसऱ्या सकाळी त्यांना उठता येईना. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. जीपबद्दल जे ते वर्षभर सांगत होते, तेच दोन दिवस स्वतःबद्दल सांगत होते. मला आजही स्वतःची लाज वाटते.

जीपचा सेल्फ गेलेला होता, पण आम्ही धक्का मारून तिला चालू केली आणि भाऊंना मागे निजवून निघालो. दवाखाना नदीपलीकडे. नदीवर आलो तर ठेंगण्या पुलावरून कमरेएवढं पाणी. गाडी उत्तम, रस्ताच नाही! मी स्टीअरिंग धरून नुसता पाण्याकडे बघत होतो. सावंत काठाने धावत जाऊन डोंगेवाल्याला घेऊन आला. "एकच जन संग या," डोंगेवाला म्हणाला, "जास्त झाले त बुडते."

भाऊंना उचलायला गेलो तर त्यांनी पंजा वर केला. आम्ही दोघंही गप्प झालो. डोळे मिटून त्यांनी इंजिन ऐकलं. "बंद करू नोका," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आता गमून राह्यलं इले."

सावंत त्यांच्यासोबत गेला. डोंगा पलीकडे लागून दिसेनासा झाला, तरी पेट्रोल संपेपर्यंत मी जीप बंद केली नाही. सावंत दुसऱ्या दिवशी परतला, एकटाच. मेंदूत चढलेला मलेरिया, डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी यायला हवं होतं. सावंतच्या मुठीत बारा-तेराचा पाना होता.

तो पाना माझ्याकडे आहे. परवा नात सुट्टीला आली होती. कंटाळून म्हणाली, "आजोबा, मला करमत नाही." हातातलं वर्तमानपत्र टाकून मी आधी तिच्या कपाळाला हात लावला. घरचे हसले. कपाळ गार होतं, तरी मी बराच वेळ हात काढला नाही.