सातुर्निनाचा पाहुणा जावई

दोन तास चालून झाले होते, तरी सातुर्निनाचं तोंड थांबलं नव्हतं. मागे दोरीला बांधलेला पांढराशुभ्र, लोकरदार अल्पाका नर, नाव बिशप, मान ताठ ठेवून येत होता. चुलतभावाकडून तिनं तो आठवड्यासाठी मागून आणला होता. सोबत तिची भावजय हिल्दा, चढाचा थकवा जाणवू नये म्हणून गालात कोकाची पानं धरून.

"वन्सं, घरचा नर असताना हा कशाला?"

"घरच्याला रोज तीच तोंडं बघून कंटाळा आलाय. माझा नवराही तसलाच होता. पण त्याला बदलून आणायची सोय नव्हती."

मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणून हिल्दानं छातीवर क्रूसाची खूण केली, पण हसू काही आवरलं नाही.

रंगीत लोकर बघून व्यापारी नाक मुरडतात, म्हणून सातुर्निनानं तीस वर्षं खपून, पांढरेच नर निवडून कळप पांढरा केला होता. आता मार्च सरत आलेला, इथला पावसाळा संपायला आलेला. माद्या गाभण राहिल्या नाहीत, तर पुढच्या पावसाळ्यात पिल्लंच नाहीत.

घरी पोचल्यावर बिशपला दगडी कुंपणात सोडलं. तो घशात गुळण्या केल्यासारखा गाऊ लागला. राजी असलेली मादी अशा वेळी खाली बसते. इथे पहिलीच थुंकली. मग दुसरी. हिरवा चोथा थेट बिशपच्या तोंडावर.

"बारा माद्यांतल्या नऊ थुंकल्या," सातुर्निना म्हणाली. गाभण मादीच नराला असं हाकलते, हे सांगायची गरज नव्हती. "घरच्याला माद्यांची भूक लागावी म्हणून मी महिनाभर वेगळा कोंडलाय. मग हा पराक्रम कुणाचा?"

हिल्दा पायांकडे बघू लागली. गेल्या महिन्यात तिचा तपकिरी नर तीन दिवस बेपत्ता होता, आणि परतला तो अगदी तृप्त होऊन. तिनं ते फक्त देवाला सांगितलं होतं. तेवढं पुरेल असं तिला वाटलं होतं.

"वन्सं, आमचा तपकिरी…"

सातुर्निना मटकन दगडावर बसली. "तीस वर्षं धुऊन पांढरं केलं, त्यावर तुझा मेला चहा सांडून गेला." मग थुंकलेल्या माद्या ती पुन्हा बोटांवर मोजू लागली. हिल्दाला तिच्या शिव्या परवडल्या असत्या.

"हिल्दा, तपकिरी निघतील ती पिल्लं तू ने. बदल्यात तुझ्या कळपातल्या दोन पांढऱ्या माद्या मला दे. तुझ्या नवऱ्याला मी बघते, तू फक्त हो म्हण."