कलम सातमधले तीन शब्द

सावद्यात केळीचा भाव विचारला तर रस्त्यावरचे दहा जण सांगतील. पण मुंबईत कुठलं विधेयक कुठल्या समितीपुढे अडकलंय, हे विचारायचं तर एकच घर होतं, ते सुनंदाबाईंचं. त्यांचा सरकारवर काडीचाही विश्वास नव्हता. म्हणून तर त्या सगळं वाचत.

आधी एकोणतीस वर्षं धुळ्याच्या एका वृत्तपत्राच्या छापखान्यात त्यांनी प्रूफं तपासली होती. तिथं असताना एकदा साक्रीकडच्या एका पाड्याच्या जमिनीची जाहीर नोटीस छापायला आली. हरकत घ्यायची शेवटची तारीख होती, नोटीस छापून यायच्या आदल्या दिवसाची! सुनंदाबाईंनी तारखेखाली लाल रेघ मारली. मालक म्हणाले, "मजकूर जसा आला तसाच जाऊ द्या, बाई." गेला तसाच. महिन्याभरानं पाड्यावरची चार माणसं तो अंक मागायला छापखान्यात आली. अंक काढून देताना सुनंदाबाईंना त्यांच्याकडे मान वर करून पाहवलं नाही. ती तारीख चुकून पडली होती की कुणी पाडली होती, हे त्यांना पुढं कधीच कळलं नाही.

तेव्हापासून सरकारी कागद त्या चोर पकडावा तसा वाचत.

निवृत्तीनंतर त्या सावद्याला सासरच्या घरी आल्या. दर शुक्रवारी बसस्टँडजवळच्या भूपेंद्रच्या दुकानात जायच्या. संगणक, झेरॉक्स, फॉर्म भरणं, असं त्याचं दुकान. आठवड्यात समित्यांनी काय काय मांडलं ते तो विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून काढून छापून द्यायचा. घरी सुनंदाबाई ओळीखाली पट्टी धरून शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत. वाक्याच्या अर्थात गुंतलं की डोळा फसतो, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी गावांच्या पाण्याचं एक विधेयक संयुक्त समितीकडे आलं. कलम सातमध्ये लिहिलं होतं, 'सार्वजनिक विहिरी वगळून, गावातील सर्व जलस्रोत प्राधिकरणाच्या ताब्यात राहतील.' चार आठवड्यांनी भूपेंद्रनं त्याच मसुद्याची पुन्हा छापून दिलेली प्रत वाचताना त्यांची पट्टी थांबली. वाक्य 'गावातील' पासूनच सुरू होत होतं. वरची तारीख तीच, क्रमांक तोच. त्याआधीचे तीन शब्द मात्र नव्हते.

त्यांनी जुनी प्रत काढून शेजारी ठेवली. दोनदा पाहिलं. मग यावल तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या दिलवरसिंगला फोन लावला. त्याच्या गावाला एकच विहीर होती आणि तिच्यावर अख्खं गाव पाणी भरायचं. वनहक्काच्या अर्जांसाठी तो सुनंदाबाईंकडे येत असे.

"समिती पंधरवड्यानं जळगावला येतेय," त्या म्हणाल्या. "माणसं घेऊन ये."

"कागद पक्का आहे ना, अक्का? नाहीतर साहेब लोक हसतील आम्हाला."

"दोन्ही प्रती आहेत माझ्याकडे."

समितीला द्यायच्या निवेदनाला जोडायला जुन्या प्रतीच्या झेरॉक्स काढायला त्या दुकानात गेल्या. दुसऱ्या दिवशी घरी पानं लावताना पाहिलं, तर जुन्या प्रतीतलं चौथं पान नाही. झेरॉक्समध्येही नाही. बाकीची सगळी पानं होती. नेमकं कलम सातचं पान गेलेलं.

सुनंदाबाईंच्या डोक्यात एकेक धागा जुळायला लागला. भूपेंद्रच्या मेहुण्याचा फैजपूर रस्त्याला पाण्याच्या जारचा कारखाना. विहिरी प्राधिकरणाकडे गेल्या तर पाणी विकणाऱ्यांचं भलं. परवा त्यानं विचारलंही होतं, "अक्का, जळगावला काय बोलणार?" कशाला विचारलं होतं त्यानं?

दुकानात तेव्हा पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. रागात त्यांच्या तोंडी धुळ्याची अहिराणीच यायची.

"चार नंबरनं पान कोठे शे?"

"दिली तेवढी पानं परत केली मी, अक्का."

"बठ्ठा पानं मी मोजीसन दिन्हा व्हतात. तुना मेहुणाले विचार, कितला भाव देस तो एक पानना!"

भूपेंद्र काहीच बोलला नाही. झेरॉक्स मशीनचं झाकण उघडून त्यानं रिकामी काच दाखवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा आधार कार्डाचा कागद हातात घेतला. त्या गप्प राहण्याचाही सुनंदाबाईंनी अर्थ लावला. निर्दोष माणूस भांडला असता.

चार दिवसांनी वीजबिलाच्या विधेयकाचा गठ्ठा चाळताना त्यांच्या बोटाला पिन लागली. त्या गठ्ठ्याच्या मागं चौथं पान टाचलेलं होतं. समासात लाल शाईची खूण, त्यांच्याच हातची. पिनही त्यांच्याच तिरक्या पडणाऱ्या स्टेपलरची. हे पान दुकानात गेलंच नव्हतं. उलटून पालटून पाहिलं, दुसऱ्या कुणावर संशय घ्यायला जागाच नव्हती.

मग उठून दुकानात गेल्या. या वेळीही गिऱ्हाइकं होती, ते बरंच झालं असं त्यांना वाटलं.

"पान माझ्याच घरी होतं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "चूक माझी. तुझ्यावर घाणेरडा आरोप केला मी."

भूपेंद्रनं खुर्ची पुढं केली. हातातलं काम संपवून म्हणाला, "नुसता कागद दाखवलात तर म्हणतील, बाईनं घरी छापलाय. जुनी फाईल माझ्या संगणकात आहे. उतरवून घेतल्याची तारीखवेळ आहे तिच्यावर."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तर मला विकला गेलेलाच ठरवलं होतं."

सुनावणीच्या दिवशी भूपेंद्रनं दुकान बंद ठेवलं आणि लॅपटॉप घेऊन जळगावला आला. दिलवरसिंग अकरा माणसं घेऊन आला होता. नियोजन भवनाच्या सभागृहात प्रत्येकाला तीन मिनिटं होती. दिलवरसिंगनं एकच प्रश्न विचारला, "साहेब, आमची विहीर ताब्यात गेली तर पाणी भरायला परवानगी कुणाकडे मागायची?" समितीतल्या दोघांनी समोरच्या मसुद्यात कलम सात काढलं.

मग सुनंदाबाईंनी दोन्ही प्रती पुढं ठेवल्या. विभागाच्या अधिकाऱ्यानं पाहिल्या आणि हसून म्हणाला, "टंकलेखनातली चूक आहे, मॅडम. दुरुस्त होईल."

"साहेब, माझा जन्म चुका पाहण्यात गेला," सुनंदाबाई म्हणाल्या. "चूक मात्रा खाते, अनुस्वार खाते. तीन शब्द स्वल्पविरामासकट उचलायचे आणि उरलेलं वाक्य व्याकरणात नीट बसवायचं, हे चुकीला जमत नाही. त्याला माणूस लागतो."

सभागृहात कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी भूपेंद्रचा लॅपटॉप पुढं मागवला, फाईलवरची तारीख स्वतः पाहिली आणि नोंद घ्यायला सांगितली.

पुढच्या आठवड्यात ते तीन शब्द मसुद्यात परत आले. दिलवरसिंगनं पेढे पाठवले. सुनंदाबाईंनी माहितीच्या अधिकारात विचारलं, शब्द कुणी काढले? दीड महिन्यानं उत्तर आलं, 'अशी नोंद कार्यालयात उपलब्ध नाही.' ते पत्र त्यांनी चारदा वाचलं. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

विधेयक अजून समितीपुढेच आहे. सुनंदाबाई दर शुक्रवारी दुकानात जातात. भूपेंद्र पूर्वीसारखाच छापून देतो, चहाही मागवतो. फक्त हल्ली गठ्ठा हातात देण्याआधी तो प्रत्येक पान त्यांच्यासमोर मोठ्यानं मोजतो. "राहू दे रे," त्या म्हणतात. तो मान हलवतो आणि शेवटच्या पानापर्यंत मोजत जातो.